निव्वळ सुती

बाबांच्या डबीतला शेवटचा काळा तुकडा मी शनिवारी सकाळच्या चहाची शेगडी पेटवायला वापरला. डबी म्हणजे बूटपॉलिशची जुनी डबी. झाकणाला मधोमध खिळ्याने पाडलेलं भोक आणि आत करपवलेल्या सुती कापडाचे तुकडे. गारगोटीवर पोलाद झटक्यात ओढायचं, ठिणगी त्या काळ्या कापडावर पडली की लाल ठिपका हळूहळू पसरायला लागतो. मग तो सुक्या काथ्यात धरून फुंकर मारायची. बाबा छिन्न्या आणि पटाश्या घडवायचे, आणि जन्मभर त्यांनी भट्टी अशीच पेटवली. काडेपेटी हा आळशी माणसांचा शोध आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

अशा माणसाची धाकटी मुलगी काडेपेटीच्या कारखान्यात कामाला लागली. ती मी. भट्टीवर दोघांचं भागेना, मग कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी वाढलेलं जेवायचे, मी धुतलेले कपडे घालायचे, पण तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी मी दारात चप्पल काढली की तेवढं भिंतीकडे बघून म्हणायचे, "आली काडीवाली." हे नाव ऐकायला मी आणि ती भिंत, दोघीच. ताई तर कधीच लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती.

पुढे बाबांचं दुखणं वाढलं. ताईच्या शहरात मोठं हॉस्पिटल होतं म्हणून त्यांना तिकडे हलवलं. मी रोज फोन करून विचारायची, येऊ का? आणि ताई रोज सांगायची, "तू नको येऊस. तुझं नाव काढलं तरी त्यांचं ब्लडप्रेशर चढतं." मी गुमान ऐकलं. ताईचं ऐकायची मला लहानपणापासूनची खोड आहे.

मग एके दिवशी ताईचा फोन आला, की ये आता. मी पोचले तेव्हा बाबा पांढऱ्या चादरीत गुंडाळलेले होते. ताईने मला बाजूला घेऊन एक शर्ट हातात दिला.

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले," ती म्हणाली. "हाच शर्ट होता अंगात. जाताना म्हणाले, धाकटीला सांग, माझा राग गेला."

ते एक वाक्य मी वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. कारखान्यात मशीनच्या खडखडाटात मनातल्या मनात म्हणायची, राग गेला, राग गेला. शर्ट मात्र मला जरा नवखा वाटला होता. बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या पोटावर ठिणग्यांची बारीक भोकं असायची, याला एकही नव्हतं. "हॉस्पिटलसाठी ठेवणीतला घातला होता," ताई म्हणाली. मानेजवळचं लेबल उसवलेलं होतं. बाबांना ते टोचायचं, नवा शर्ट आणला की आधी लेबल उसवायचे. ते पाहिलं आणि माझी खात्री पटली.

फाटलेले शर्ट बाबा कधी टाकून देत नसत, कापून डबीत घालायचे. "माझा शेवटचा शर्टसुद्धा डबीतच जाऊ द्या गं पोरींनो," असं म्हणायचे, हसण्याच्या मूडमध्ये असले की. त्यामुळे डबी रिकामी झाल्यावर काय करायचं हा प्रश्नच नव्हता. ताई दोन दिवसांसाठी माझ्याकडे आली होती, तेही बरंच झालं, असं मला वाटलं. दोघी बहिणी मिळून करू.

रविवारी सकाळी मी शर्ट आणि कात्री घेऊन मागच्या अंगणात बसले, तर ताई चहाचा कप घेऊन धावतच आली.

"अगं, कापतेस कशाला? आठवण आहे ती!"

"त्यांनीच सांगितलं होतं ना?"

"बोलण्यात येतं माणसाच्या. माझी जुनी चादर घे हवी तर."

"चादरीने काय राग सोडला होता का माझ्यावरचा?" मी हसत म्हटलं. ती हसली नाही. कपात बघत राहिली.

मी खालच्या कडेचे चार चौकोन कापले, डबीत पसरले, झाकण दाबून बसवलं आणि डबी निखाऱ्यांवर ठेवली. यात कसब काही नाही, नुसता धीर लागतो. भोकातून पांढरा धूर येतो. तो येणं थांबलं की डबी उतरवायची, भोकात काडी खुपसायची आणि पार गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना उघडलं की आत हवा जाते आणि सगळ्याची राख होते.

पण धूर पांढरा आलाच नाही. काळा आला, आणि वास असा की नाक धरावं. प्लास्टिकची बादली जळावी तसा. भोकातून कसलातरी चिकट थेंब बाहेर आला आणि झाकणावर फसफसला. मला वाटलं, डबीत पॉलिश उरलं असेल. वर्षानुवर्षं भाजलेल्या डबीत कुठलं पॉलिश उरतंय! पण माणूस आधी डबीवर संशय घेतो.

गार झाल्यावर उघडली. सुती कापड करपलं तरी कापडच राहतं, त्याची वीण दिसते. इथे तळाशी एक चकचकीत काळा गोळा चिकटला होता. नखाने टोकरला तर दगडासारखा कडक.

मी शर्टाच्या बाहीतून एक धागा ओढला आणि निखाऱ्याला लावला. तो आक्रसला आणि टोकाला मणी झाला.

भट्टीवर काम करणारा माणूस असला कपडा अंगाला लावत नाही. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं आणि भागतं. हे असलं कापड वितळून कातडीला चिकटतं, सोलून काढावं लागतं. बाबांच्या दंडावर लहानपणीचा तसा डाग होता. त्या दिवसापासून त्यांनी निव्वळ सुतीशिवाय काही घातलं नाही, ठेवणीतलं तर नाहीच नाही. दुकानदाराला शर्टाचा धागा जाळून दाखवायला लावायचे. आम्ही लाजेने दुकानाबाहेर उभ्या राहायचो. ताईला लेबल आठवलं, पण हे आठवलं नाही. ती भट्टीपाशी कधी बसलीच नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबी तिच्यासमोर आपटली.

"हा शर्ट कुठल्या दुकानातून आणलास?"

ती आधी म्हणाली, कसला शर्ट. मग म्हणाली, तुझी डबीच खराब आहे. मग पदर तोंडाला लावला. मला तिच्या रडण्याची दया आली नाही, खरं सांगते. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला होता आणि वर वर्षभर माझ्याकडून आभार ऐकून घेतले होते.

"तुला काहीतरी द्यावं म्हणून आणला गं. त्यांचा शर्ट वॉर्डातच कापून काढला होता, तो मिळालाच नाही."

"आणि मांडीवर डोकं?"

तिने कप खाली ठेवला.

"ताई, मांडीवर डोकं?"

"मी नव्हते तिथे. शेवटचे काही दिवस मी गेलेच नव्हते. घरात सासूबाई पडून, पोरांच्या परीक्षा, मी तरी कुठे कुठे पुरणार? सकाळी पोचले तर कॉटवरची चादरसुद्धा बदलली होती. तू विचारलंस तर काय सांगणार होते मी?"

"मग मला का येऊ दिलं नाहीस? मी बसले असते!"

"आलीस की बघितलं असतंस ना, मी जात नाही ते."

एवढ्यासाठी. एवढ्यासाठी माझा बाप एकटा गेला. मला तिचा कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. पण त्याआधी मला एक विचारायचं होतं.

"म्हणजे राग गेला, हेही तुझंच."

ताईने होकारार्थी मान हलवली.

"ते काहीच बोलले नाहीत? माझ्याबद्दल एक शब्दही नाही?"

"नाही गं. नर्स फोनवर सांगायची, भ्रमात आहेत. तुझं नाव नाही, माझं नाव नाही. दाराकडे बघून दिवसभर एकच धोशा, काडीवाली आली का, काडीवाली आली का. मला वाटलं काडेपेटी मागताहेत, आगीत जन्म गेलेला माणूस. मी नर्सला बजावलं, पेटतं काही त्यांच्या हाताशी ठेवू नका म्हणून." तिने डोळे पुसले. "ती कोण ते मला अजून कळलं नाही. तुला माहीत आहे का कुणी?"

शेगडीतले निखारे विझत आले होते. मी डबीतल्या त्या गोळ्याकडे बघत होते.

"मी," मी म्हटलं.