विगनच्या प्लॅट घराण्याची चौकशी

अश्लेषाने टॉम प्लॅटशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिचे बाबा एवढंच म्हणाले, "घराणं कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

टॉम इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या शिपयार्डात वेल्डिंग तपासतो. वडील तिकडे इंग्लंडात, विगनला प्लंबर. आमचे हे, निशिकांत, मरीन इंजिनियर. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम.

आपल्याकडचं स्थळ असतं तर मी चार फोन फिरवले असते. विगनमध्ये माझी मावससासू नाही. मग अश्लेषाने मला एका वेबसाइटसमोर बसवलं. त्यात इंग्लंडची जुनी जनगणना होती, दर दहा वर्षांची. घरात कोण, वय काय, काम काय.

तीन आठवड्यांत मी टॉमच्या खापरपणजोबांपर्यंत पोचले. जॉर्ज प्लॅट, कोळशाच्या खाणीत मजूर. खोल्या दोन, माणसं सात. एकच गोष्ट जरा वेगळी होती. १८८१ साली बायको हॅना, वय सत्तावीस. १८९१ साली एलायझा, वय एकतीस. आधीची तिन्ही मुलं तीच, वर आणखी दोन.

मला यात कोडं वाटलंच नाही. मी माहेरची सविता. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने 'अरुणा' लिहिलं आणि मी अरुणा झाले.

"तीन मुलं झाल्यावर नाव बदललं?" हे म्हणाले.

"पहिल्या खेपेला माहेरचं सांगितलं असेल. माझं बँकेत अजून सविताच आहे ना?"

"आणि दहा वर्षांत वय चारच वर्षांनी वाढलं?"

"अहो, परका पुरुष वही घेऊन दारात उभा. खरं वय कोण सांगेल?"

हे त्यांना पटलं. लोक आपल्यातलेच दिसतात, म्हणाले.

रविवारी टॉम जेवायला आला. मी मोठ्या कौतुकाने वंशावळीचा कागद त्याच्यापुढे पसरला. त्याचे कान लाल झाले.

"या दोघी वेगळ्या," तो हळूच म्हणाला. "हॅना बाळंतपणात गेली. एलायझा तिची धाकटी बहीण. आम्ही एलायझाचे. तिचं आणि जॉर्जचं लग्न झालंच नाही. मेहुणीशी लग्न तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. आजी हे बाहेर बोलू द्यायची नाही."

अश्लेषा ताटातला भात नुसता चिवडत राहिली. तीन आठवडे डोळे फोडून पोरीच्या लग्नात बिब्बा घातला कुणी, तर मी.

ह्यांनी चष्मा लावून कागद जवळ ओढला. "हॅनाची मुलं कुणी वाढवली?"

"एलायझानेच. स्वतःच्या दोघांबरोबर."

"मग कायद्याचं काय घेऊन बसलास? माझ्या आजोबांनी तेच केलं. थोरली गेली, सहा महिन्यांत पाठची आणली. आम्ही धाकटीचे."

सत्तावीस वर्षं या घरात आहे मी. सासूबाईंनी सगळ्या पितरांची नावं माझ्याकडून पाठ करून घेतली होती. त्यांत आजी एकच होती.

"हे मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस."

"विचारणार कधी? दहा मिनिटांत पोहे खाऊन उठलात."

"बाबा, हो की नाही?" अश्लेषा म्हणाली. "प्रॉपरली सांगा लाह." चिडली की तिच्या मराठीला सिंगापूरचं 'लाह' चिकटतं.

ह्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. टॉमला म्हणाले, "वडलांना फोन लाव."

"तिकडे सकाळचे सहा वाजलेत. रविवार आहे."

"प्लंबर आहेत ना? लोकांच्या फोनने उठायची सवय असेल. लाव."