चपलांच्या रांगेतली दीपाली

आश्विनातलं ऊन, निवळ ऊन, सोनपिवळं ऊन पांगारखोऱ्यावर उतरत होतं. सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, सोनकी फुलली होती, उतारावर नाचणी पिकून तांबूस झाली होती आणि त्या पीतरक्त रंगोत्सवाच्या मधोमध, दूध सोसायटीच्या जुन्या खोलीवर, एक सडपातळ मनोरा आभाळाकडे बघत उभा होता. तो पांगारखोऱ्याचा रेडिओ.

शक्ती त्याची बेताचीच. दोन डोंगरांच्या आत त्याचं साम्राज्य. खिंड ओलांडली की नुसती खरखर. पण त्या चिमुकल्या साम्राज्यात वेळापत्रक नव्हतं, मज्जाव नव्हता. ज्याला बोलावंसं वाटे त्यानं यावं, दाराशी चपला काढाव्यात. चपलांची रांग तीच बोलणाऱ्यांची रांग. कुणी हरवलेल्या शेळीचं रूपवर्णन करी, कुणी सनईचा रियाज करी, कुणी सुनेच्या कालवणाला नावं ठेवी. आणि सूनही लगोलग चपला काढून उत्तर द्यायला बसे. रेडिओ सांभाळणाऱ्या रुक्साना तांबोळींचा दंडक एकच: बसलेल्याचं बोलणं दुसऱ्यानं तोडायचं नाही.

हौसाबाई शेलार नाचणीच्या शेतात, बायकांच्या ओळीत कणसं खुडत होत्या. बांधावरच्या काठीला ट्रान्झिस्टर टांगलेला होता. त्यातून रुक्सानाभाभींचा आवाज आला, की आता शेलारांची दीपाली बोलेल. हौसाबाईंच्या हातातला विळा जागच्या जागी थांबला.

दीपाली, त्यांची एकुलती, उपवर लेक. कमलनयना, मितभाषिणी, पण मितभाषिणी काही हौसेनं नव्हे. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथेच अडे. एकेक अक्षर पुन्हा पुन्हा उमटे, पुन्हा पुन्हा मिटे. मग हौसाबाई पुढे होत. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर लेकीचं अर्धं वाक्य त्या उचलत आणि पुरं करत. माया होती ती, निव्वळ माया. लोक हसायच्या आत वाक्य संपवायचं, एवढंच त्या माउलीला कळत होतं. आणि या कामात त्या इतक्या तरबेज झाल्या होत्या, की लेकीनं तोंड उघडायचा अवकाश.

आता सगळं खोरं ऐकणार, सगळं खोरं हसणार, आणि धावून जायला आपण जवळ नाही. हौसाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"मला," रेडिओ म्हणाला, "मला ल… ल…"

वारा पडला. कणसं निश्चल झाली. बायकांचे विळे थांबले.

"लाज वाटतीया," हौसाबाई सवयीनं बोलून गेल्या. "लाज वाटतीया म्हनायचंय तिला."

पण रेडिओला कान नसतात. आईचं वाक्य तिथंच, नाचणीत, पडून राहिलं.

"मला ल… लई बोलायचंय."

लई बोलायचंय! हौसाबाई मटकन बांधावर बसल्या. इतकी वर्षं आपण भलतीच वाक्यं पुरी केली की काय? किती चुकले आपले शब्द, किती मिटले तिचे शब्द, कोण जाणे. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दीपाली बोलत राहिली. अडखळत, थांबत, पुन्हा उठत बोलत राहिली. सड्यावरच्या निळ्या-जांभळ्या फुलांविषयी बोलली, डबक्यातल्या बेडकांच्या भांडणांविषयी बोलली. तिला पाहायला आलेला मुलगा तिच्याहून कमी बोलून चार वाट्या पोहे खाऊन गेला, हेही तिनं सांगून टाकलं. शेत खदखदून हसलं. ते हसू तिच्यावरचं नव्हतं, तिनं फुलवलेलं होतं, आणि हौसाबाईंची छाती अभिमानानं भरून आली. त्यांनी काठीवरचा ट्रान्झिस्टर काढला, पदरानं पुसला आणि वरच्या शेतातल्या बायकांनाही ऐकू जावं म्हणून उंच धरला.

ऊन कललं. पिवळं ऊन केशरी झालं.

"आता पुरं," रेडिओ म्हणाला. "ही मी बोलले, द… द…"

पारू, हौसाबाईंची धाकटी जाऊ, मायेनं पुढे झुकली. नाव तिच्या ओठांवर तयारच होतं.

हौसाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब, पारू. तिचं नाव तिला म्हनू दे."

पारू थांबली. ओळीतल्या बायका थांबल्या. वरचं शेत थांबलं, खालचं शेत थांबलं. साऱ्या खोऱ्याला ते नाव ठाऊक होतं. सारं खोरं त्या नावासाठी थांबलं होतं. केशरी उजेडात हौसाबाई ताठ उभ्या होत्या, हात उंच, ओठ घट्ट मिटलेले. आणि मग डोंगरापासून डोंगरापर्यंत, सावकाश, सगळं, आपल्या पायांनी चालत ते आलं:

"दीपाली."