तातेरावांची झटका मशीन

साखरा गावच्या तातेरावांची झटका मशीन जळाली, तसं पोरानं, शिवशंकरनं, सरळ सांगून टाकलं, "बाबा, हिंगोलीहून नवी आणतो. ही द्या भंगारात."

हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला जोडायची ती मशीन. बॅटरीचा एवढासा करंट, त्याचा दणदणीत झटका करणारा ट्रान्सफॉर्मर हाच तिचा जीव. तो तातेरावांनी घरीच तार गुंडाळून भरला होता, ओसरीत, बायकोसंगं, द्वारकाबाईसंगं. अन् हा म्हणतो भंगारात! म्हाताऱ्याचं डोकंच फिरलं.

"मला न्हाई जमलं तर आण तुझी नवी," म्हणाले अन् जळकी तार उकलायला बसले.

शिलाई मशीनच्या जुन्या हँडलाचा चरखा केलेला होता. तेव्हा तातेराव हँडल फिरवायचे, द्वारकाबाई केसासारखी तार बोटांतून सोडायची. थरावर थर, मधी कागद. जोड दिलेला चालत नव्हता, झटका तिथूनच फुटायचा. घाई केली की तार तटकन तुटायची, अन् तातेराव म्हणजे घाईचंच माणूस. म्हणून ती ओवी म्हणायची, त्या चालीवर ह्यांनी हात फिरवायचा:

तार गं तारेपाशी, बसते अंग चोरून,
तातेराव माझे राजे, हळू घ्या हो फिरवून.

नवऱ्याचं नाव ती घ्यायची ते तेवढ्यातच. "लई गळा काढू नको, लोकं हसतील," असं तातेराव वरून रागवायचे अन् आतून नुसते फुलायचे. ती गेली, तसं ते नाव त्या आवाजात पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

आता एका हातात हँडल, एका हातात तार. दर खेपेला तुटली. स्वतःच ओवी म्हणून बघितली, तर आपल्याच नावापाशी ती सोडून दिली. त्यांनी चरखा बाजूला ढकलला.

"जाऊ दे भंगारात," म्हणाले.

चुलीपाशी बसलेली सून, कोमल, उठली. पदराला हात पुसून समोर बसली अन् तार धरली. "फिरवा, मामा. आत्याबाईचं ऐकून ऐकून मला बी पाठ झालंय." सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

पहिली ओळ म्हणली अन् दुसरीपाशी अडली. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यावं कसं? तातेरावांचाही हात थांबला. मग ती खाली बघून म्हणाली,

आत्याबाईचे राजे, हळू घ्या हो फिरवून.

तातेरावांच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला त्यांनी हँडल सोडलं नाही. तारही तुटली नाही.

मशीन कुंपणावर पुन्हा टक्, टक् करू लागली. शिवशंकर कान देऊन म्हणाला, "बाबा, जरा हळूच चालून राहिली का ही?"

"चालू दे हळू," तातेराव म्हणाले. "तिनं तसंच सांगितलंय."