वाढला की गुडघा करू

मी एका छोट्या कंपनीचा शेअर बोलतोय. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुमच्या कपाळावर आठी तेवढी पडेल. दुसरे शेअर बोलायला लागले की लोक कान टवकारतात. माझी ओळ आली की बोट पुढे सरकवतात. त्यांचा रागही येत नाही मला. माझा भाव वर्षानुवर्षं जिथल्या तिथे आहे. कधी थोडा वर, कधी थोडा खाली, पण हललो असं म्हणण्यासारखं काही नाही.

माझी कंपनी वजनकाटे बनवते. तबकडीवर सुई फिरते ना, तसले, जुन्या पद्धतीचे. मालकांना नवी यंत्रं घ्यायची होती, म्हणून त्यांनी कंपनीचे बारीक बारीक हिस्से करून लोकांना विकायला काढले. त्यातला मी एक. आम्ही भावंडं लाखांच्या घरात, सगळ्यांचं तोंड सारखं, एकाचा भाव पडला की सगळ्यांचा पडतो. पहिल्या दिवशी मात्र काय तोरा होता आमचा! लोक नुसते तुटून पडले होते. मला वाटलं, आता जन्मभर असंच चालायचं. आठवडा गेला, गर्दी पांगली आणि मी जो बसलो तो बसलोच.

मावशीने मला आणि माझ्या काही भावंडांना त्याच आठवड्यात घेतलं. तिची भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. म्हणजे मी सगळ्यात महाग होतो तेव्हा.

मावशी नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. नुकत्या जन्मलेल्या बाळांचं वजन करायला तिथे आमच्याच कंपनीचा काटा होता. तो कधी चुकला नाही, कधी बिघडला नाही. ज्यांचा काटा इतका खरा त्यांचा शेअरही खराच असणार, असं तिने धरलं. दुसरं काही पाहिलंच नाही. आता बघा, जो काटा कधी बिघडत नाही तो माणूस पुन्हा विकत कशाला घेईल? हे तिच्या लक्षात आलं नाही. आमच्या मालकांच्याही आलं नव्हतं म्हणा.

मला अंग नाही. मी फोनच्या पडद्यावर एका ओळीत राहतो, पण तिथून समोरचं दिसतं. मावशी सकाळी चहाचं आधण ठेवायची, चष्मा लावायची आणि मला उघडायची. बघायची. मग "हं" म्हणून फोन पालथा घालायची. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्या "हं" ने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वॉर्डात उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते. उजवा तर पार झिजलेला. डॉक्टर म्हणाले, बदलून घ्या. ही म्हणाली, घेऊ की. शेजारणीने विचारलं, भाचीने विचारलं, हॉस्पिटलातल्या मैत्रिणींनी विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर: "शेअर वाढला की गुडघा करू."

सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं. कुणीतरी आपल्या भरवशावर आहे म्हणून छाती फुगायची. पुढे ती जिना आडवी होऊन उतरायला लागली. दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी. फोन पिशवीत असायचा. आतून मला तिचा श्वास ऐकू यायचा, आणि माझा भाव कालचाच असायचा. काय करू सांगा. मला स्वतःहून वर चढता येत नाही.

मग ती निवृत्त झाली. एकरकमी पैसे हातात आले. डॉक्टरांनी तारीखही दिली. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा. तेवढ्यात कुणीतरी तिच्या फोनवर निरोप पाठवला की आमच्या कंपनीला मोठं काम मिळणार आहे. मावशीने तारीख पुढे ढकलली. महाग घेतला तो घेतला, आता या पैशांतून स्वस्तात आणखी घेते, म्हणजे घेतल्या भावाची सरासरी खाली येईल आणि थोडा वाढला तरी सगळे पैसे निघतील, असं तिने ठरवलं. हिशेब बरोबर होता. फक्त वाढायचं होतं मला, आणि माझं मला ठाऊक होतं.

रविवारी भाची आली. आई गेल्यापासून ती मावशीकडेच वाढलेली, आता एका कचेरीत हिशेब तपासते. तिने कंपनीचा अहवाल उघडला. मी असा चोरासारखा बसलो की विचारू नका. माझी सगळी उणीदुणी तिच्यासमोर उघडी पडत होती. विक्री दरवर्षी तेवढीच. नफा होतो, पण तो नुसता पडून. नवी यंत्रं घेतली, पण त्यांची खोकी अजून फोडलेली नाहीत. सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले, आमचे मालक अजून सुईलाच धरून. मोठ्या कामाचा तर कुठे उल्लेखच नाही.

मावशी माझी बाजू घेत होती. कंपनीवर कर्ज नाही, मालक लबाड नाहीत, भाव किती स्वस्त आहे बघ.

भाची म्हणाली, "लबाड नाही हे चांगलंच आहे गं. पण माणूस लबाड नाही एवढ्यावर कुणी लग्न करतं का?"

मावशी हसली. मीही हसलो असतो, तोंड असतं तर.

मग भाचीने अहवाल मिटला. "मावशी, एकच सांग. हा शेअर आधीपासून तुझ्याकडे नसता, आणि आज पहिल्यांदा दिसला असता, तर घेतला असतास?"

मावशीने गुडघा चोळला. मग म्हणाली, "नसता घेतला."

"मग?"

"तुझ्या शिक्षणासाठी घेतला होता. तेव्हा उपयोगी पडला नाही, तुला कर्ज काढावं लागलं. निदान वाढवून तरी तुझ्या हातात द्यायचा होता. असा कसा देऊ? लाज वाटते मला."

मला तेव्हा कळलं, की इतकी वर्षं त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकच लाज बसलेली होती.

भाची उठली, तिच्या पायाशी खाली बसली. "मी शिकले, मावशी. कर्जही फिटलं. मला आता तू सरळ जिना उतरलेली बघायचीय."

त्या आठवड्यात मावशीने मला विकायला काढलं. तिथेही मी तिला तोंडघशी पाडलं. घ्यायलाच कुणी येईना. थोडे थोडे करत, भाव कमी करत आम्ही गेलो, घातलेल्या पैशांतले निम्मेही तिला मिळाले नाहीत. गुडघा मात्र झाला, निवृत्तीच्या पैशांतून, डॉक्टरांनी नवी तारीख दिली तेव्हा.

परवा सकाळी मावशीने मला पुन्हा शोधून उघडलं. सवय, दुसरं काय. चहाचं आधण तसंच उकळत होतं.

"अजून तिथेच का रे?" ती म्हणाली. मग फोन ठेवला आणि टेबलाला हात न लावता उठली.

मला घ्यावं का, असं तुम्ही विचाराल. कंपनी प्रामाणिक आहे, कर्ज नाही, मी स्वस्त आहे, हे सगळं खरं. कधी काळी मालकांनी ती खोकी फोडली तर वाढेनही. पैसे अडकले तरी चालतील अशा कुणी घेतलं तर माझी ना नाही. पण कुणाचा गुडघा अडला असेल, तर हात जोडतो, आधी तो करून घ्या. माझी वाट बघत कुणी जिना उतरायला लागलं, की मला फार लाज वाटते हो.