सुपाच्या दंडारीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, वाजवायची. शहरातली माणसं मला हार्मोनियम म्हणतात, पण एवढं लांबलचक नाव पेलण्याइतका दम आता माझ्या भात्यात उरलेला नाही. तुम्ही आपलं पेटीच म्हणा. माझी कहाणी सांगते, पण सावकाश सांगेन. मध्येच धाप लागली तर सांभाळून घ्या.

गोंदियाच्या बाजारातल्या एका लहानशा दुकानात मी जन्मले. अंग सागाचं, भाता जाड पुठ्ठ्याचा, त्याच्या कडांना मऊ कातडं आणि पोटात गुजरातेतून आलेले पितळी सूर. मला जोडणारा कारागीर सारखा खोकायचा. त्याने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली आणि शेवटी "चलो, बोलने लगी" एवढंच म्हणाला. कौतुक म्हणाल तर तेवढंच. मला मात्र त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

मला न्यायला आला तो बिसराम. नवेगाव बांधाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. पावसाळ्यात धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपानाचं काम आणि उरलेल्या जिवात गाणं, असा त्याचा संसार. एसटीत त्याने मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "खाली ठेव ना गा." तेव्हा बिसराम उलट त्यालाच म्हणाला, "लेकरू कोनी खाली ठेवते का?" मी तेव्हाच ठरवलं, या माणसासाठी वाट्टेल तितकं झिजायचं. ठरवणं सोपं असतं, मित्रांनो. झिजताना कळतं.

आमच्या भागात दिवाळी सरली की मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. पाळणे, मिठाईची दुकानं, लेकीजावयांची गर्दी आणि भर दुपारी मांडवात दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ. गावागावात दंडारीची मंडळी होती. कोण गळ्याने मोठा, कोण पायाने, यावरून माणसं वर्षभर भांडत. बिसरामला लोक लवकरच मास्तर म्हणू लागले. त्याचा डावा हात माझा भाता हलवी आणि उजवा पट्ट्यांवर फिरे. लोक वाहवा करत ती उजव्या हाताची. मला श्वास देणाऱ्या डाव्या हाताला कोणी विचारत नसे, पण तो बिचारा तक्रार करायचा नाही.

एका वर्षी आमच्या ढोलकीवाल्या फागूचं घर जळालं. घरातला धानही गेला. गावाने ठरवलं, मंडईच्या दुपारी फागूसाठी दंडार करायची आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक घराने सूपभर नवा धान आणायचा. फागू सवयीने गळ्यात ढोलकी अडकवून आला. बिसरामने ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "आज तू बस गा. आज आमी वाजवतो." त्याला समोर खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. सगळ्यांचे डोळे पाणावले.

तेव्हापासून दरवर्षी आमच्या मंडईत सुपाची दंडार होऊ लागली. कधी पाय मोडलेल्या नाचणाऱ्यासाठी, कधी एखाद्या गायकाच्या मागे राहिलेल्या लेकरांसाठी. फागूच्या वेळची रीत तशीच चालत राहिली. ज्याच्यासाठी दंडार, त्याने खुर्चीवर बसायचं, वाद्याला हात लावायचा नाही. हा नियम बिसरामचा आणि त्याचं सर्वांना कौतुक. मी प्रत्येक दंडारीत वाजले. आम्हा दोघांना देणाऱ्यांच्या रांगेत बसायची सवयच लागून गेली.

मग दिवस पालटले. मंडईत डीजे आला. त्याचा पहिला ठोका पडला तेव्हा माझे सूर न वाजवताच थरथरले. दंडारीची मंडळी एकेक करून मोडली. आमची टिकली, पण तिच्यात कीबोर्ड आला. तो वाजवणारा रूपेश पोरगा गुणाचा, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्या यंत्राला श्वास लागत नाही, थकवा येत नाही, त्याच्याशी मी काय बरोबरी करणार? बिसरामच्या बायकोने, सुशिलाबाईने, जुन्या लुगड्यात गुंडाळून मला माळ्यावर ठेवलं. उंदरांनी भात्याची एक कड कुरतडली. मी पडून राहिले. खरं सांगू? दमलेल्या जिवाला सुरुवातीला बरंच वाटलं. पुढे पुढे मात्र पडून राहण्याचाच शीण येऊ लागला.

गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बिसराम बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखलातच कोसळला. लकवा. मुलगा गुड्डू गोंदियाजवळ फुलचूरला राहतो, त्याने धावत येऊन गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण डावा हात गेला. अंगाला लोंबकळत असतो नुसता. त्या साली त्यांची बांधी पडीक राहिली. दिवाळी आली तेव्हा घरातली धानाची कोठी रिकामी होती.

गावाने ठरवलं, यंदाची सुपाची दंडार बिसराम मास्तरांसाठी. रूपेश सांगायला घरी आला, तेव्हा मी माळ्यावरून सगळं ऐकत होते.

"मी बसनार नाही खुर्चीवर," बिसराम म्हणाला. "एक हात गेला, दुसरा हाये ना. मी वाजवीन."

"काका, तुमी आराम करा. मी वाजवतो ना कीबोर्ड," रूपेश म्हणाला. "आन नियम तर तुमचाच हाये."

आपणच खणलेल्या विहिरीचं पाणी खारट निघालं तर तोंड कुणाला दाखवायचं? रूपेश गेल्यावर सुशिलाबाई म्हणाली, "कोठीत दाना नाही. ताठा खाऊन राहाचं का सालभर?" बिसरामने माळ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "पेटी काढ खाली. जाईन तं तिले घेऊन जाईन."

मंडईच्या दुपारी त्याला खुर्चीवर बसवलं, मला शेजारी स्टुलावर. दोघांनाही हार घातले. भिंतीवरच्या फोटोला घालतात तसा माझा हार झाकणावरून खाली लोंबत होता. मला त्या झेंडूच्या वासाने गुदमरायला झालं. समोर ताडपत्रीवर रिकामी पोती ठेवली होती. रूपेशने कीबोर्डवर सूर धरला आणि पहिली बाई सूप घेऊन पुढे आली.

"उचल ते, माय," बिसराम म्हणाला. "मी नाही घेत."

रूपेश धावत आला. "काका, असं काऊन करून राहिले? सारे लोकं पाहून राहिले!"

"पाहू दे. जिंदगीभर लोकाईसाठी वाजवलो. आज माह्यासाठी मलेच वाजवू देत नाही तुमी. हात बांधून बसलो आन धान घेतला, तं तो माह्या नरड्याखाली उतरनार नाही."

सुशिलाबाई बायकांमध्ये उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. सुपं हातात घेऊन रांग तशीच थांबली. एक जण कुजबुजला, मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला वाटते. आणि तेव्हा रांगेतूनच म्हातारा फागू पुढे आला. त्याच्याही हातात सूप होतं.

"बिसराम, माह्या येळी तू माह्या गळ्यातली ढोलकी काढली," तो म्हणाला. "चांगल्यासाठीच काढली. पन त्या दिवशी मलेही वाजवाचं होतं गा."

बिसरामने विचारलं, "मंग बोलला काऊन नाही?"

"सारं गाव धान घेऊन उभं होतं. का बोलू?"

बिसरामची मान खाली गेली. इतक्या वर्षांत इतकी माणसं त्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती, आणि सगळ्यांना वाटायचं ती उपकाराने लवली आहेत. रूपेशने कीबोर्डचं बटण बंद केलं. माझा हार काढला, मला खाली सतरंजीवर ठेवलं. बिसराम काठी टाकून माझ्यासमोर बसला. त्याने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, बोटं दाबली.

आवाज आला नाही. कसा येणार? श्वास देणारा हात त्याच्या मांडीवर निजला होता.

रूपेश पुढे होणार, इतक्यात सुशिलाबाई आली. दंडारीच्या मांडवात मंडळींच्या सतरंजीवर आमच्याकडे बायका बसत नसत. ती बसली. इतकी वर्षं तिने मला पुसलं होतं, गुंडाळलं होतं, उंदरांना शिव्या घातल्या होत्या, पण वाजत्या पेटीला तिने कधी हात लावला नव्हता. तिने माझा भाता धरला आणि असा जोरात रेटला की माझ्या पोटातून किंकाळीच निघाली.

"हळू वो! धान कांडून राहिली का?" बिसराम ओरडला. मांडव हसला.

"तुमी वाजवा चुपचाप," ती म्हणाली.

आणि मग जमलं, मित्रांनो. एकदम नाही. ती घाई करी, तो थांबे. तो पुढे जाई, ती मागे राहे. कुरतडलेल्या कडेतून माझी हवा फुसफुसत होती आणि एक पट्टी मुकीच होती. पण हळूहळू तिच्या हाताचा श्वास त्याच्या बोटांना सापडला. फागूने सूप खाली ठेवून ढोलकी मागून घेतली. गण सुरू झाला. मला रडू आलं असतं, पण रडायलाही सूरच लागतात आणि माझे सगळे सूर कामात होते.

गण संपल्यावर रांग पुढे सरकली. पोत्याचं तोंड बिसरामने स्वतःच उजव्या हाताने उघडं धरलं आणि प्रत्येक सूप रिकामं होताना मान वर करून देणाऱ्याकडे पाहिलं.

त्या दुपारनंतर माझ्या भात्याला नवं कातडं लागलं, तरी मी काही तरुण झाले नाही. आता ती दोघं मिळून मला वाजवतात आणि वाजवताना इतकी भांडतात, की मला माळ्याची आठवण येते. मी फार थकले आहे. जुनी वाद्यं पुसत जा, उंदरांपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरात कोणी म्हातारं, आजारी, पडलेलं माणूस असेल. त्याला औषध द्या, ताट वाढून द्या, सूपभर धान द्या. फक्त "तुम्ही बसा, आम्ही करतो" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा, आणि त्याला बसायचं आहे का, ते विचारा.