वरचे बावीस

सोळा दिवसांत मिस्त्रीने नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरना पार भंडावून सोडलं होतं. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. समोर यंत्र चालू असताना हा गप्प बसतोय होय! ही नळी कुठे जाते, तो आकडा कसला, हवा ओलसर करूनच का देता? शेवटी सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही बाप म्हणून आलायत की तपासणीला?"

मुलगी दोन महिने आधीच जन्मलेली, काचेच्या उबदार पेटीत ठेवलेली. श्वासनलिकेत नळी, नळीला व्हेंटिलेटर. यंत्र तिला मिनिटाला तीस श्वास देई, पण पडद्यावर बावन्न दिसत. "वरचे बावीस तिचे स्वतःचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या नळी काढू आणि बाळ आईच्या छातीशी देऊ." तोवर नुसतं बोट लावायची मुभा होती. त्या दिवशी त्याची बायको कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पेटीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. त्याला ते बावीस बघायचे होते. स्वतःचा श्वास म्हणजे आधी पोट हलायला हवं आणि मग यंत्राने साथ द्यायला हवी, एवढं त्याने सिस्टरकडून काढून घेतलं होतं. पण यंत्राच्या आधी पोट हलताना जवळजवळ दिसतच नव्हतं आणि आकडा काही बावन्नाच्या खाली येत नव्हता. हे गौडबंगाल काय? त्याने नळीवरून नजर फिरवली. झोळ पडला होता तिथे चमचाभर पाणी साचलं होतं. ते डुचमळलं की यंत्राला वाटे, पोरीने श्वास ओढला, आणि ते लगेच हवा सोडे.

बोललो तर आजचं राहिलं. बायको हात धुऊन खुर्चीत येऊन बसलीसुद्धा होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "सिस्टर, ते पाणी जरा काढून बघता का?"

पाणी काढलं. आकडा घसरत घसरत तेहेतिसावर येऊन थांबला.

सिस्टरनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "माझ्याही नजरेतून सुटलं," त्या म्हणाल्या. "तिचे तीनच आहेत. आज नळी काढली असती तर दुपारीच परत घालावी लागली असती. आज नको."

"तुम्हाला सगळीकडे नाक खुपसायलाच हवं का?" बायको एवढंच बोलली आणि ओल्या हातांनी बाहेर गेली. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. त्यालाही पोरीला कुशीत बघायचं होतंच की.

चार दिवस तिने अबोला धरला. रोज पेटीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हा. डॉक्टरीणबाई यंत्राचे श्वास थोडे थोडे कमी करत गेल्या आणि पोरीचे वाढत गेले. मिस्त्री आता आकड्याकडे बघायचाच नाही, पोटाकडे बघायचा.

पाचव्या दिवशी नळी निघाली. नाकाशी हवेचा हलका झोत ठेवला होता, पण श्वास तिचा तिलाच घ्यायचा होता. आईच्या छातीवर ती पालथी झोपली. बायको किती तरी वेळ हललीच नाही. मग तिने नवऱ्याचा हात धरला आणि त्या एवढ्याशा पाठीवर ठेवला.

"बघा बरं नीट," ती म्हणाली. "हा श्वास तिचाच ना?"

मिस्त्रीने नीट बघितलं. "तिचाच."

"आणि हा?"