पाठमोरी गाडी

"एवढा घोडा झालाय, तरी आईला शेजारी बसवून हिंडतोय. याला मुलगी देणार कोण?"

आईची पुटपुट थेट लेकाच्या कानात पडली. काचेपलीकडे डबिंगच्या खोलीत ती माईकसमोर उभी होती. अलीकडे रेकॉर्डिंगला तो, हेडफोन लावून. घोडा म्हणजे पडद्यावरचा. आई आणि थोराड लेक गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघतात, असा विनोदी सिनेमा होता आणि त्यातल्या आईला तिचा आवाज होता. माईक चालू आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकाचंही लग्न व्हायचं होतं.

तीस वर्षं तिने नट्यांच्या ओठांवर नेमके शब्द बसवले होते. आज मात्र गाडी पाठमोरी होती. ओठच नाहीत. मागून हॉर्न वाजला की म्हणायचं, "जाऊ दे त्याला पुढे, आपल्याला कुठे पोचायचंय?" बस, एवढंच.

हॉर्न वाजला. आई गप्प. गाडी वळणाआड गेल्यावर बोलली.

"ताई, हॉर्नवर!" दिग्दर्शक ओरडला. तिने काचेतून बघून मान डोलावली.

अकराव्यांदाही तेच. लेकाने तिच्या हेडफोनच्या आवाजाचं बटण केव्हाच शेवटपर्यंत फिरवलं होतं. घरी टीव्ही गरजायचा, शेजारीण बेल वाजवून वाजवून परत जायची आणि दोघंही तिला सांगायची, बेल बिघडलीय हो.

"सर, हेडफोन खराब आहे," लेक म्हणाला.

नवा आणला. तरी तेच.

"आता काय?"

"तार सैल असेल." तो टेबलाखाली शिरला. धडधाकट तार उपटली, परत खुपसली. आईचं हे काम सुटलं, तर ती दिवसभर त्या घरात बोलणार कोणाशी?

तो वर आला, तेव्हा दिग्दर्शक काचेसमोरच उभा होता. "चार वर्षं खुर्ची उबवतोयस, साधी तार जोडता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, सर." लेकाला जरा हायसंच वाटलं. तारेवर निभावलं.

पलीकडे यातलं अक्षर पोचत नव्हतं. पण दिग्दर्शकाचं तोंड तिला समोर दिसत होतं, आणि बोलणाऱ्यांची तोंडं बघण्यात तिची हयात गेली होती. तिने हेडफोन काढून संवादांच्या कागदावर ठेवला.

"सर, त्याला काढू नका," ती म्हणाली, नको तितक्या मोठ्याने. "तार चांगली आहे. मला ऐकू येत नाही."